होल्डेम सुधारायचं आहे: पुस्तकं आधी की टेबल?

सत्तीदुर्री
नमस्कार मंडळी. ऑगस्ट २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यानंतर आपल्याकडच्या साइट्सवर पैसे लावून पोकर खेळणं थांबलं. तोवर रात्रीची जेवणं आटोपली की मी छोट्या ब्लाइंडच्या (दोघांनी आधीच लावायच्या सक्तीच्या पैशांच्या) टेबलांवर नो-लिमिट होल्डेम (पोकरचा प्रकार: प्रत्येकाला दोन पत्ते, मधे सगळ्यांचे पाच, कितीही लावायची मुभा) खेळत असे. एका बैठकीत शेकडो हात, म्हणजे डाव, व्हायचे आणि प्रत्येक हाताची नोंद आपोआप राहायची. आता दोनच वाटा दिसतात: घरी पुस्तकं आणि अधूनमधून गोवा.

हा खेळ मला मनापासून आवडतो आणि त्यात चांगलं व्हायचं आहे. नोकरी सोडून पोकरवर जगायचा विचार अजिबात नाही. काही जण म्हणतात, सॉल्व्हरच्या (अचूक खेळी काढून देणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) जमान्यात जुनी पुस्तकं वाचून उपयोग नाही. काही म्हणतात, टेबलावर बसल्याशिवाय काही कळत नाही. जे खरोखर खेळतात त्यांनी सांगावं: कोणतं पुस्तक, कोणत्या क्रमानं, आणि टेबलावर नेमकं काय शिकायचं?

चहाबाज
वाचतोय. पुढच्या रांगेतली खुर्ची माझी.

मेंढीकोट
आयडी आवडला! होल्डेममधला सगळ्यात वाईट हात नावात घेऊन आलात, म्हणजे इथून पुढे फक्त चढच आहे.

जुनं खोड
पुस्तकं जुनी झाली हे अर्धंच खरं आहे. त्यातले बेटचे आकडे जुने झाले, विचार करायची रीत जुनी झालेली नाही.

पहिलं पुस्तक डेव्हिड स्क्लान्स्की यांचं ‘द थिअरी ऑफ पोकर’. १९८७ चं आहे आणि त्यात नो-लिमिट होल्डेमवर फारच थोडं आहे. तरीही तेच आधी वाचा. पॉट ऑड्स (लावायची रक्कम आणि पॉट, म्हणजे मधे जमलेली रक्कम, यांचं प्रमाण), इम्प्लाइड ऑड्स (पुढे मिळू शकणारी रक्कम धरून तेच), पोझिशन (आपली पाळी कितवी), समोरच्याला फुकट कार्ड कधी द्यायचं आणि कधी नाही, हे सगळं त्यात एकेका प्रकरणात शांतपणे उलगडलं आहे. सेमी-ब्लफ (आत्ता कमजोर पण पुढे सुधारू शकणाऱ्या हातावर रेटून लावणं) हा आज सर्रास वापरला जाणारा शब्दही त्यांचाच. समोरच्याचे पत्ते उघडे दिसत असते तर तुम्ही जसं खेळला असता, त्याहून वेगळं खेळलात की फायदा त्याचा, हे त्यांचं मूळ सूत्र आहे. ते डोक्यात बसलं की ‘मी जिंकलो का’ हा प्रश्न मागे पडतो आणि ‘मी बरोबर खेळलो का’ हा प्रश्न पुढे येतो.

दुसरं, डॅन हॅरिंग्टन. हे गृहस्थ १९९५ चे वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या मेन इव्हेंटचे, म्हणजे मुख्य स्पर्धेचे, विजेते. पुढे २००३ आणि २००४ अशी लागोपाठ दोन वर्षं ते अंतिम टेबलावर होते. पहिल्या वर्षी ८३९ खेळाडू होते, दुसऱ्या वर्षी २५७६. नुसत्या नशिबावर हे जमत नाही. त्यांची होल्डेमवरची मालिका २००४ पासून आली, पण ती स्पर्धांसाठी आहे हे लक्षात ठेवा. कॅश गेमवर (स्पर्धा नव्हे, थेट पैशांचा खेळ) त्यांनी २००८ मध्ये वेगळी पुस्तकं लिहिली. गोव्यात कॅश टेबलावर बसणार असाल तर ती घ्या. स्पर्धेत ब्लाइंड चढत जातात आणि चिप्स आटतात, म्हणून तिथे जी घाई शहाणपणाची ठरते ती कॅश टेबलावर महागात पडते.

हॅरिंग्टन वाचायची पद्धतही सांगतो. प्रकरणाच्या शेवटी सोडवायला हात दिलेले आहेत. उत्तर कागदानं झाका, आपला निर्णय आणि त्याचं कारण वहीत लिहा, मगच कागद काढा. कारण लिहिलं नाही तर ‘हो, मलाही हेच वाटलं होतं’ असं म्हणून माणूस पुढे जातो आणि पुस्तक संपूनही हाती काही लागत नाही.

अपूर्णांक
वरच्या प्रतिसादाला +१. भर घालतो.

पुस्तक उघडण्याआधी चार आकडे तोंडपाठ करा. हातात जोडी असेल तर फ्लॉपवर (मधे उघडलेल्या पहिल्या तीन पत्त्यांत) तिसरा पत्ता मिळून सेट (तीन सारखे) लागण्याची शक्यता सुमारे १२ टक्के, म्हणजे साडेआठात एकदा. फ्लॉपवर फ्लश ड्रॉ (एकाच रंगाचे चार, पाचवा हवा) असेल तर रिव्हरपर्यंत (मधला चौथा पत्ता टर्न, पाचवा रिव्हर) तो पुरा होण्याची शक्यता ३५ टक्के. दोन्ही टोकं उघडी असलेल्या स्ट्रेट ड्रॉची (लागोपाठचे चार, पाचवा हवा) ३१ ते ३२. मधला एकच पत्ता हवा असेल तर १६ ते १७.

टेबलावर हे पटकन काढायचं तर उपयोगी पत्ते मोजा. दोन कार्ड यायची असतील तर चारनं गुणा, एकच यायचं असेल तर दोननं. नऊ पत्त्यांना ३६ येतं, खरं उत्तर ३५. पत्ते जास्त असले की हा हिशेब फुगतो. पंधरा पत्त्यांना ६० दाखवतो, खरं ५४ आहे.

मग पॉट ऑड्स. पॉटमध्ये १०० आहेत, समोरच्यानं ५० लावले. तुम्ही ५० टाकून १५० जिंकायला बसलात, म्हणजे शेवटी २०० च्या पॉटमध्ये तुमचे ५०. चारात एकदा जिंकलात तरी बरोबरी. त्यानं पूर्ण पॉटएवढे लावले असते तर तिनात एकदा जिंकावं लागलं असतं. हे आकडे झोपेतून उठवून विचारले तरी आले पाहिजेत.

मेंढीकोट
गणपतीच्या जागरणाला रमीत इतकं गणित नव्हतं हो.

मांडवीपल्याड
मी सिंधुदुर्गातला, त्यामुळे पणजी जवळ. गोव्याच्या रहिवाशांना कॅसिनोत खेळायला बंदी आहे, आम्ही पत्रादेवी ओलांडून जातो. मांडवीतल्या बोटींवरच्या पोकर रूममध्ये बरंच खेळलो आहे, म्हणून टेबलाबद्दल बोलतो.

ऑनलाइनवरून येणाऱ्याला पहिला धक्का वेगाचा. डीलर पत्ते पिसणार, वाटणार, कोणीतरी फोनवर बोलत विचार करणार. तासाला २५ ते ३० हात होतात. तुम्हाला खेळण्याजोगा हात क्वचित येतो. इथेच बहुतेक जण कंटाळून फोन काढतात किंवा न खेळण्याजोगे हात खेळायला लागतात. खरं तर शिकायचं ते याच वेळात. तुम्ही पत्ते टाकले की त्या हाताकडे नीट बघा. कोणी लिंप केलं (न वाढवता नुसते ब्लाइंडएवढे टाकले), कोण कुठल्या जागेवरून आलं, शेवटी काय दाखवलं. शोडाउनला उघडलेला प्रत्येक हात फुकटची माहिती आहे, आणि टेबलावरचे निम्मे लोक तेव्हा जेवण मागवत असतात.

दुसरं, पॉटचा आकडा स्क्रीनवर दिसत नाही. तो स्वतः मोजत राहावा लागतो. प्रत्येक फेरीला मनात बेरीज करा, स्वतः हातात नसलात तरी. अपूर्णांकांचं सगळं गणित या एका सवयीवर उभं आहे. पॉटच माहीत नसेल तर टक्के कशाचे काढणार?

तिसरं, रीतभात. आपली पाळी आल्याशिवाय काही बोलायचं नाही. रेझ करायचा (रक्कम वाढवायची) तर आधी तोंडानं ‘रेझ’ म्हणा. काही न बोलता एकच मोठी चिप पुढे टाकली तर ती कॉल (समोरच्याएवढीच रक्कम) धरली जाते. थोड्या चिप्स ठेवून पुन्हा हात मागे नेऊन आणखी आणल्या, तर दुसऱ्या खेपेच्या चिप्स धरत नाहीत. तोंडातून निघालेला आकडा बांधील असतो. आणि आपले पत्ते चिप ठेवून सांभाळा, नाहीतर डीलर ते टाकलेल्या पत्त्यांत ओढू शकतो.

चौथं, आपले पत्ते वाटल्याबरोबर उचलून बघू नका. आपली पाळी येईपर्यंत बाकीचे ते बघताना त्यांच्याकडे बघा. कोण टाकायच्या तयारीत आहे हे बरेचदा आधीच कळतं.

चहाबाज
चौथा मुद्दा सोन्याचा.

साधा माणूस
विरस करायचा नाही, पण एवढी पुस्तकं वाचून शेवटी हा जुगारच ना? आमच्या भागात पत्त्यांच्या फडापायी जमिनी गेलेली माणसं पाहिली आहेत. त्यांनाही वाटायचं की आपल्याला खेळ कळतो.

अपूर्णांक
तुमचा मुद्दा गंभीर आहे, म्हणून गंभीरपणे उत्तर देतो.

कौशल्य आहे याबद्दल मला शंका नाही. २०१९ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठ आणि फेसबुकच्या संशोधकांनी प्लुरिबस नावाचा प्रोग्रॅम तयार केला आणि त्यानं सहा जणांच्या नो-लिमिट होल्डेममध्ये अव्वल व्यावसायिकांना हरवलं. निव्वळ नशिबाच्या खेळात असं होऊच शकत नाही.

पण कौशल्य दिसायला फार वेळ लागतो. लाइव्ह टेबलावर तासाला ३० हात धरले तर १०० तासांत ३००० हात होतात. तेवढ्या हातांत निकाल दोन्ही बाजूंना ५०० बिग ब्लाइंडच्या (दोनांपैकी मोठ्या ब्लाइंडच्या) आसपास सहज हलतो. म्हणजे ताशी पाच बिग ब्लाइंड कमावण्याची कुवत असलेला चांगला खेळाडूसुद्धा १०० तासांनंतर तोट्यात असण्याची शक्यता साधारण सहा-सातात एक. आणि वाईट खेळाडूही तेवढ्या काळात फायद्यात राहून स्वतःला हुशार समजू शकतो. तुम्ही पाहिलेल्या माणसांचं असंच काहीतरी झालं असणार. निकालावरून आपण किती चांगले हे ठरवायला गेलं की घात होतो.

मांडवीपल्याड
साधा माणूस, तुमची काळजी रास्त आहे. आमच्या गटात नियम आहे: वर्षाची रक्कम जानेवारीत ठरते, ती घरी माहीत असते, संपली की त्या वर्षी टेबल बंद. उसनं घेणं नाही, टेबलावर दुसऱ्याला देणं नाही. आणि सत्तीदुर्री, जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के कर आहे आणि हरलेली रक्कम त्यातून वजा करता येत नाही, हेही आधीच हिशेबात धरा. त्यावर रेक, म्हणजे कॅसिनोची फी. छंद म्हणून परवडेल एवढंच.

साधा माणूस
घरी माहीत असतं हे वाचून बरं वाटलं. एवढा एक नियम सगळ्यांनी पाळावा.

इस्पिकची राणी
उशिरा आले. मी सॅन होझेजवळ राहते आणि इथल्या कार्डरूममध्ये खेळते. कॅलिफोर्नियात कार्डरूमला पॉटच्या टक्केवारीनं फी घेता येत नाही, दर हाताला ठरलेली रक्कम काढतात. त्यामुळे छोटे पॉट जिंकून फारसं काही उरत नाही, म्हणून कमी पण दमदार हात खेळायची सवय लागते. तुम्ही जिथे बसाल तिथली फी कशी आणि किती काढतात ते बसण्याआधी विचारा.

पुस्तक की टेबल या प्रश्नाला मी एका हातानं उत्तर देते. आकडे बिग ब्लाइंडमध्ये. सगळ्यांकडे १००.

दोघांनी लिंप केलं. मी बटनवर (शेवटी बोलणाऱ्या जागेवर), हातात इस्पिक एक्का आणि चौकट राजा. मी ६ केले. ब्लाइंड गेले, दोन्ही लिंपर आले. पॉट साडेएकोणीस. फ्लॉप: बदाम राजा, बदाम अठ्ठी, किलवर पंजी. दोघांनी चेक (काही न लावता पुढे), मी १२. पहिल्या लिंपरनं कॉल केला, दुसरा गेला. पॉट साडेत्रेचाळीस. टर्नला इस्पिक दुर्री. त्यानं पुन्हा चेक केला, मी २६ लावले, आणि त्यानं शांतपणे उरलेले सगळे ८२ पुढे सरकवले.

हा गृहस्थ संध्याकाळभर लिंप आणि कॉल एवढंच करत होता. ड्रॉ असले की मुकाट कॉल करत रिव्हरपर्यंत जायचा, हे मी शोडाउनला पाहिलं होतं. तुम्ही काय कराल? मी काय केलं ते नंतर.

मेंढीकोट
एक्का-राजा, टॉप पेअर, टॉप किकर (सगळ्यात मोठी जोडी, बाजूचा पत्ताही सगळ्यात मोठा). मी तर आनंदानं कॉल.

अपूर्णांक
थांबा, मोजू या. कॉल करायला ५६ हवेत. पॉट होईल दोनशे साडेसात. म्हणजे २७ टक्के वेळा जिंकलं पाहिजे.

आता त्याच्याकडे काय असू शकतं? अठ्ठ्यांची जोडी तीन प्रकारे, पंज्यांची तीन प्रकारे. दुर्रीच्या जोडीनं फ्लॉपवर १२ ला कॉल होणार नाही, ती सोडतो. एकाच रंगाचे राजा-अठ्ठी दोन प्रकारे, अठ्ठी-पंजी दोन, राजा-पंजी एक. एकूण अकरा. सेटसमोर तुम्ही मेलेल्या, बाकीच्यांसमोर थोडीफार आशा. या अकरांवर मिळून जेमतेम सहा टक्के. फ्लश ड्रॉसमोर मात्र तुम्ही ८० टक्क्यांच्या आसपास.

म्हणजे २७ टक्के गाठायला त्याच्याकडे असे चार-पाच ड्रॉ हवेत. बदामचा एक्का आणि दुसरा बदाम एवढेच धरले तरी सात-आठ निघतात, शिवाय बदाम सत्ती-छक्की. त्यातल्या निम्म्यांनी तो असा रेझ करत असेल तरी कॉल बरोबर ठरतो. चांगल्या खेळाडूविरुद्ध मी कॉल करीन.

निशाचर
हा बसून राहणारा खेळाडू टर्नवर अचानक सगळे लावतो, तेव्हा ते सेटच असतं. सरळ फोल्ड, पत्ते टाकून द्या.

इस्पिकची राणी
@निशाचर, ‘सेटच असतं’ म्हणून नाही. माणूस कसा दिसतो, किती वयाचा आहे यावरून ठरवलं तर पुढच्या वेळी फसाल. मी फोल्ड केलं ते त्यानं ड्रॉ कसे खेळले होते हे पाहिलेलं होतं म्हणून. अपूर्णांकांनी मोजलेले सात-आठ ड्रॉ त्याच्या रेझमध्ये नव्हतेच, ते कॉलमध्ये होते. मग उरतात अकरा, आणि अकरांवर सहा टक्के. २७ च्या जवळपासही नाही.

@अपूर्णांक, तुमची बेरीज अगदी बरोबर आहे आणि ती मी पुस्तकातूनच शिकले. चार-पाच ड्रॉ लागतील हा आकडा माहीत नसता तर त्याच्या कॉल करण्याच्या सवयीला किती वजन द्यायचं हे मला कळलं नसतं. नुसतं ‘मला वाटलं त्याच्याकडे आहे’ एवढंच राहिलं असतं.

आणखी एक. रेझ आला तर फोल्ड, हे मी २६ लावण्याआधीच ठरवलं होतं. बेट करतानाच पुढचं उत्तर तयार ठेवायचं. चिप्स पुढे आल्यावर विचार सुरू केला की ‘एवढे घातलेच आहेत’ हे मनात येतंच.

मेंढीकोट
त्यानं काय दाखवलं?

इस्पिकची राणी
काही नाही. पत्ते उलटेच सरकवले. आणि दाखवले असते तरी उत्तर बदललं नसतं.

जुनं खोड
हा हात धाग्याच्या पहिल्या पानावर चिकटवून ठेवा. पुस्तकानं अकरा मोजायला शिकवलं, टेबलानं ड्रॉसमोर शून्य लिहिलं. दोन्ही एकाच बाईच्या डोक्यात एकत्र आलं म्हणून ५६ बिग ब्लाइंड वाचले. पुस्तकं संपवून मग टेबल, असा क्रमच चूक आहे. एक प्रकरण, एक बैठक, पुन्हा तेच प्रकरण. गाणारा पलटे घोटतो तसं.

मांडवीपल्याड
आणि चेहरे वाचण्याच्या नादी फार लागू नका. बेटचा आकार चेहऱ्यापेक्षा जास्त बोलतो. नेहमी अर्धा पॉट लावणारा एकदम पूर्ण पॉट लावतो तेव्हा कान टवकारा. हात थरथरणं हे बहुतेकदा तगड्या पत्त्यांचं लक्षण असतं, भीतीचं नव्हे. नवीन लोक हेच उलटं समजतात.

चहाबाज
अवांतर: डॉयल ब्रन्सननं १९७६ आणि १९७७ ला मेन इव्हेंट जिंकला तेव्हा दोन्ही वर्षी शेवटच्या हातात दश्शी-दुर्री होती, आणि दोन्ही वेळा फुल हाउस. सत्तीदुर्रीनं आशा सोडू नये.

इस्पिकची राणी
अवांतरात माझंही एक. २०१८ मध्ये भारताच्या निकिता लूथरनं वर्ल्ड सिरीजचं ब्रेसलेट (तिथल्या विजेतेपदाची खूण) जिंकलं, टॅग टीम स्पर्धेत. तेव्हापासून टेबलावर ‘बायकाही खेळतात का’ असं कोणी विचारलं की मी एवढंच सांगते.

सत्तीदुर्री
इतकं सविस्तर कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. मनापासून आभार. आता मूळ प्रश्नाचं एक टोक उरलंय. गोव्याला मी वर्षातून फार थोड्या वेळा जाऊ शकतो. मधल्या महिन्यांत टेबलाची सवय कशी राखायची? पैसे न लावता मित्रांबरोबर खेळलो तर सगळे प्रत्येक हात कॉल करतात, काही शिकायला मिळत नाही.

जुनं खोड
पुण्यात आम्ही काय करतो ते सांगतो. पैसे अजिबात नाहीत. प्रत्येकाला महिन्याच्या सुरुवातीला ठरावीक चिप्स, त्या महिनाभर पुरवायच्या, मध्ये पुन्हा मिळत नाहीत. चिप्स संपलेला डीलर होतो आणि बाकीच्यांच्या चुका टिपतो. महिनाअखेरीस शेवटचा आलेला सगळ्यांना मिसळ खाऊ घालतो. एवढ्यानं लोक आश्चर्य वाटेल इतकं घट्ट खेळतात.

खेळ दीड तास, चर्चा एक तास. प्रत्येकानं एक हात लिहून आणायचा: जागा, चिप्स, पॉट प्रत्येक फेरीला, आणि निर्णयाच्या क्षणापर्यंतच. निकाल लिहायचा नाही. निकाल कळला की सगळ्यांचं मत त्याच्याकडे झुकतं. जमल्यास त्यानंतर कोणीतरी सॉल्व्हरमध्ये तो हात घालतं. पण आधी माणसांचं ऐकायचं, मग यंत्राचं. सॉल्व्हर समोरचा अचूक खेळतो असं धरून उत्तर देतो, आणि आपल्या टेबलावर अचूक कोणी खेळत नाही. त्या उत्तरापासून आपला माणूस कुठे वेगळा आहे हे शोधणं हाच अभ्यास. सॉल्व्हरची भाषा समजायला मायकेल असेव्हेडो यांचं २०१९ चं ‘मॉडर्न पोकर थिअरी’ चांगलं आहे, पण ते तिसरं पुस्तक. पहिलं नव्हे.

निशाचर
मी पुण्यातच. जागा आहे का एक?

जुनं खोड
आहे. व्यनि (खासगी निरोप) करतो. हात लिहून आणा.

निशाचर
आत्ताच लिहितो. सात जण, मी बिग ब्लाइंडवर, हातात नश्श्यांची जोडी. चौघांनी लिंप केलं, मी चेक. पॉट साडेपाच. फ्लॉप दश्शी, छक्की, तिर्री, तीन वेगळ्या रंगांचे. मी पहिला बोलणार.

अपूर्णांक
मागे चौघे असताना एवढ्यावर माहिती अपुरी आहे. कोणाकडे किती चिप्स आणि चौघांपैकी कोण कोणत्या जागेवर, ते लिहा.

जुनं खोड
आणि लिंप करणाऱ्यांनी त्याआधी काय काय दाखवलं होतं तेही. नसेल आठवत तर पुढच्या वेळी टिपून आणा, हा हात शनिवारी पहिला घेऊ.